घराचें मोल आणि जागेचें मोल

‘घर पाहावें बांधून’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. घर बांधणाराच्या हालअपेष्टांचें सार तींत आलें आहे. परंतु बांधलेल्या घरांत वीसतीस वर्षें संसार झाल्यावर, मागें एक खोली वाढवून, पुढच्या पडवीचें दुकान करून, कौलें उतरवून त्या जागीं गच्ची घातल्यावर त्या वास्तूचें मोल कोणीं व कसें ठरवावें, याविषयीं म्हण कांहींच सांगत नाहीं. वास्तविक मध्यम स्थितींतील कुटुंबाची जन्माची पुंजी बहुधा या एकाच वस्तूंत गुंतलेली असते. भावांच्या वांटणींत, मुलांच्या शिक्षणासाठीं काढलेल्या कर्जांत, म्हातारपणाच्या तजविजींत हा प्रश्न केव्हांना केव्हां दारांत येऊन उभा राहतोच. आणि त्या वेळीं मालकानें मनाशीं धरलेला आंकडा व मूल्यमापकानें कागदावर लिहिलेला आंकडा यांत जें अंतर पडतें, त्यावरून सख्ख्या माणसांतही कडू बोलणीं होतात. हें अंतर कां पडतें याचा उलगडा केवळ बाजारभाव पाहून होत नाहीं. त्यासाठीं थोडा इतिहास पाहावा लागतो. नवी मुंबईंतील बेलापूर, ज्याला आतां सर्वजण सीबीडी बेलापूर म्हणतात, हें स्थळ या दृष्टीनें फार बोधप्रद आहे; कारण दोन पिढ्यांच्या अवधींत तेथील जमिनीचा व घरांचा उपयोग जितका पालटला, तितका अन्यत्र शतकांतही पालटत नाहीं.

मोल वरून एकच दिसलें तरी तें दोन धाग्यांनीं विणलेलें असतें. एक धागा मनुष्याच्या हाताचा : विहीर खणली, बांध घातला, भिंत उभारली, छप्पर शाकारलें. दुसरा धागा ठिकाणाचा : जवळून सडक गेली, पेठ वसली, बंदर भरभराटीस आलें. पहिला धागा मालकाच्या पैशानें व श्रमानें येतो. दुसरा त्यानें बोटही न हलवितां येतो. हा भेद महाराष्ट्रांत आजचा नव्हे. इ. स. १८३५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं जमिनीची पाहणी व प्रतबंदी आरंभिली, आणि तींतूनच सारा तीस वर्षांच्या मुदतीनें बांधून देण्याची पद्धति मुंबई इलाख्यांत रूढ झाली. मुदत संपल्यावर सारा पुन्हा आकारावयाचा तो कशावर, हा प्रश्न पुढें आला तेव्हां १८६५ च्या पहिल्या कायद्यानें असें ठरविलें कीं, शेतकऱ्यानें चालू मुदतींत स्वतःच्या पैशानें व साधनांनीं केलेल्या सुधारणा हिशेबांत धरावयाच्या नाहींत. जमिनीची प्रत व ठिकाण, मालाचे भाव आणि दळणवळणाच्या सोयी एवढ्याच गोष्टी पाहावयाच्या. १८७९ च्या जमीन महसूल कायद्यांतही हेंच तत्त्व कायम राहिलें. प्रत्यक्षांत नव्या आकारणीचा भार रयतेस किती जड गेला हें १८७५ च्या दक्षिणेंतील दंग्यांच्या कारणांत नमूद आहे. तथापि तत्त्व म्हणून पाहतां तें चोख होतें. ज्याचा घाम त्याचें फळ, आणि जें सर्वांच्या उद्योगानें वाढलें त्यांत सर्वांचा वांटा, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु सारा घेतांना ज्या सरकारनें हा भेद मानला, त्यानेंच जमीन घेतांना तो निराळ्या रीतीनें वापरला. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या २३ व्या कलमांत मोबदला ठरवितांना काय धरावें तें सांगितलें होतें, आणि २४ व्या कलमांत काय धरूं नये तें. न धरावयाच्या गोष्टींत दोन आपल्या विषयाच्या आहेत. ज्या कामासाठीं जमीन घेतली जात आहे त्या कामामुळें तिचें जें मोल वाढण्यासारखें असेल तें एक. आणि संपादनाची पहिली अधिसूचना निघाल्यावर कलेक्टरच्या मंजुरीवांचून केलेला खर्च व सुधारणा ही दुसरी. म्हणजे भातशेताच्या जागीं उद्यां बाजारपेठ होणार असली तरी मोबदला भातशेताचाच मिळावयाचा. हा नियम सर्वथा अन्यायाचा होता असें म्हणतां येत नाहीं. तो नसता तर सार्वजनिक कामानेंच निर्माण होणारें मोल जनतेला आधींच विकत घ्यावें लागलें असतें, आणि नकाशावर रेघ उमटतांच रिकाम्या माळावर रातोरात छपऱ्या उभ्या राहिल्या असत्या. परंतु नियमाचा न्याय एका अटीवर अवलंबून होता : घेतलेल्या जमिनीचें वाढलेलें मोल खरोखरच सर्वांच्या पदरीं पडलें पाहिजे, आणि या ‘सर्वांत’ जमीन गमावणाराही असला पाहिजे. २०१३ च्या अखेरपर्यंत अंमलांत असलेल्या या कायद्यानें ती अट स्वतः कोठेंही घातली नव्हती.

आतां बेलापूरकडे वळूं. पनवेलच्या खाडीच्या मुखाशीं असलेल्या या गांवीं सिद्दी, पोर्तुगीज व मराठे यांनीं आळीपाळीनें धरलेला एक लहान किल्ला होता. तो १८१७ मध्यें इंग्रजांकडे गेला आणि त्याचें महत्त्व संपलें. त्यानंतर दीड शतक हा प्रदेश भातशेती, मिठागरें व मासेमारी यांवर जगला. १९६५ मध्यें चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं ‘मार्ग’ या त्रैमासिकांत अशी कल्पना मांडली कीं, उत्तरेकडे लांबच लांब वाढत चाललेल्या मुंबईचा भार खाडीपलीकडे नवें नगर वसवून हलका करावा. १७ मार्च १९७० रोजीं त्यासाठीं सिडको ही संस्था स्थापन झाली. सुमारें ३४४ चौरस किलोमीटरचा टापू आणि त्यांतील ९५ गांवें या योजनेंत आलीं. सरकारनें आरंभीं दिलेलें भांडवल मात्र ३ कोटी ९५ लक्ष रुपयांचें होतें. एवढ्या पैशांत नगर वसत नाहीं हें उघड आहे. नगर वसावयाचें तें जमिनीच्या पालटत्या मोलावर : शेतीच्या भावानें जमीन घ्यावयाची, तिचा उपयोग पालटावयाचा, पालटलेल्या उपयोगाच्या भावानें भूखंड साठ वर्षांच्या पट्ट्यानें द्यावयाचे, आणि येणाऱ्या पैशांतून रस्ते, पाणी व आगगाडी आणावयाची. ही रीति कागदावरच राहिली असें कोणी म्हणूं नये. वाशीपर्यंत १९९२ मध्यें, बेलापूरपर्यंत १९९३ मध्यें व पनवेलपर्यंत १९९८ मध्यें जो लोहमार्ग सुरू झाला, त्याच्या खर्चाचा सुमारें दोनतृतीयांश भार सिडकोनें उचलला आहे. ठिकाणाचें मोल ठिकाणासाठींच खर्च झाल्याचें याहून स्पष्ट उदाहरण आपल्याकडे विरळा.

पण ज्यांच्या जमिनीवर हें सर्व उभें राहिलें त्यांचें काय? शेताच्या भावानें मोबदला घेऊन बांधावर उभा राहिलेला आगरी किंवा कोळी शेतकरी शेजारच्याच तुकड्याचा लिलाव शहरी भावानें होतांना पाहत होता. १९८४ च्या जानेवारीच्या १६ व १७ तारखांस उरण तालुक्यांत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि त्यांत पांच माणसें मृत्युमुखीं पडलीं. पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांस परत देण्याची योजना अंमलांत आली. हिच्या तपशिलाविषयीं व विलंबाविषयीं पुष्कळ तक्रारी झाल्या. परंतु तिचें ऐतिहासिक महत्त्व निराळें आहे. उपयोग पालटल्यानें वाढणाऱ्या मोलांत मूळ मालकाचाही अंश आहे, ही गोष्ट तिनें मान्य केली. १८९४ च्या कायद्यानें जी अट घातली नव्हती, ती पांच जिवांच्या मोलानें घालून घ्यावी लागली.

नेमक्या याच सुमारास, १९८३ ते १९८६ या वर्षांत, बेलापूरच्या डोंगरपायथ्याशीं एक लहानशी वसाहत उभी राहत होती. तिची रचना चार्ल्स कोरिया यांची. १९७० ते १९७५ पर्यंत ते सिडकोचे मुख्य वास्तुशिल्पी होते. ही वसाहत त्यानंतरची. सुमारें साडेपांच हेक्टर जमीन, मधून वाहणारा ओढा आणि साडेपांचशेंच्या आसपास घरें असा तिचा आवांका. कांहीं घरें कलावंतांस मिळाल्यानें तिला ‘आर्टिस्ट व्हिलेज’ हें नांव पडलें व तेंच रूढ झालें. भूखंड ४५ पासून ७५ चौरस मीटरपर्यंतचे; म्हणजे गरिबाच्या व सुखवस्तु माणसाच्या जागेंत फारसा फरक नाहीं. सात घरें आठ मीटर लांबरुंद अशा एका अंगणाभोंवतीं. असे तीन गट बारा मीटरच्या मोठ्या अंगणाभोंवतीं. आणि अशा तीन समूहांस मिळून आणखी मोठें मैदान. पैशाची बचत व्हावी म्हणून शेजारच्या दोन घरांचे शौचकूप पाठीला पाठ लावून बांधिले; परंतु घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीस जोडली नाहीं. याचें कारण मुद्दाम ध्यानांत घ्यावें. प्रत्येक कुटुंबास आपलें घर आपल्या ऐपतीप्रमाणें, शेजाऱ्यास न विचारतां, गांवच्या गवंड्याकडून वाढवितां यावें, हा त्यांतील हेतु होता. आज एक खोली व ओटी, उद्यां माडी. घरांतच लहानसा धंदा करून पोट भरतां यावें हेंही कोरिया यांच्या गृहविचारांतील एक सूत्र होतें. त्यांचा ‘द न्यू लँडस्केप’ हा ग्रंथ १९८५ चा. त्यांत हीं सूत्रें विस्तारानें आलीं आहेत. थोडक्यांत, सुधारणा व उपयोगाचा पालट या दोन्ही गोष्टी ज्या वसाहतीच्या मूळ कल्पनेंतच होत्या अशी ही वसाहत होय.

पुढें काय घडलें? घरें वाढलीं, परंतु कल्पिल्याप्रमाणें नव्हे. कोरिया यांनीं खोलीला खोली जोडली जाईल असें धरलें होतें. पुष्कळ मालकांनीं मूळ घर पाडून त्या जागीं सिमेंट-काँक्रीटचें दुमजली तिमजली घर बांधिलें. आज तेथें उतरत्या कौलांचीं मूळ घरें शिल्लक आहेत, पण त्यांच्या शेजारीं तितक्याच लहान जागेवर उंच चढलेल्या इमारतीही आहेत. रसिक लोक याचें खापर रहिवाशांच्या अभिरुचीवर फोडतात. आम्हांस तें पटत नाहीं. कुटुंबें वाढलीं, मुलांचीं लग्नें झालीं, आणि ज्या जागेवर तीं राहत होतीं ती जागा मधल्या काळांत दूरच्या पायथ्याची न राहतां कचेऱ्या, बँका व लोहमार्ग यांच्या निकटची झाली. घर पाडण्याचा निर्णय गृहस्थानें घेतला हें खरें. पण त्या निर्णयाचें गणित जमिनीनें मांडलें होतें.

तें गणित साधें आहे. आंकडे केवळ समजुतीसाठीं घेऊं. समजा, एका कुटुंबानें ३० लक्ष रुपये खर्चून साठ वर्षें टिकेल असें घर बांधिलें, आणि जमिनीचें मोल त्या वेळीं २० लक्ष होतें. मूल्यमापक शेवटीं उरणाऱ्या मोडीचे दहा टक्के सोडून बाकीचे नव्वद टक्के साठ वर्षांवर वांटतो; म्हणजे वर्षास दीड टक्का घसारा. वीस वर्षांनीं घराचे तीस टक्के झिजले व २१ लक्ष उरले. तेवढ्यांत जमीन एक कोटीची झाली असेल, तर एकूण मालमत्ता ५० लक्षांची १ कोटी २१ लक्षांची झाली. मालक म्हणतो, ‘मीं घर नीट राखलें, फरशी बदलली, स्वयंपाकघर नवें केलें, म्हणून मोल वाढलें.’ वस्तुतः घर नऊ लक्षांनीं उतरलें आहे. चढली ती जमीन. आतां त्यानें आणखी दहा लक्ष खर्च केले तर ते जसेच्या तसे मोलांत मिळत नाहींत. गळकें छप्पर, कुजलेल्या नळ्या, जुनी वीजजोडणी, तडा गेलेले खांब यांवरचा खर्च घराचें आयुष्य वाढवितो. तो घसाऱ्याच्या हिशेबांत मालकाच्या बाजूनें उभा राहतो. संगमरवर, भिंतींतील कपाटें, रंगरंगोटी ही घेणाराच्या आवडीची बाब. दुसऱ्याच्या आवडीस कोणी पुरे दाम देत नाहीं. आणि जमिनीचें मोल घराच्या कितीतरी पट झालें म्हणजे एक विलक्षण अवस्था येते : चांगलें, राहतें, प्रेमानें राखलेलें घर घेणाराच्या दृष्टीनें केवळ अडगळ ठरतें, आणि तें पाडण्याचा खर्च तो सौद्यांतून वजा करूं पाहतो.

उपयोगाच्या पालटाची कथा अशीच. मुद्रांकशुल्कासाठीं सरकार दरवर्षीं जो बाजारमूल्याचा तक्ता काढतें, ज्यास व्यवहारांत रेडी रेकनर म्हणतात, त्यांत एकाच विभागांतील मोकळी जमीन, राहण्याची जागा, कचेरी व दुकान यांचे दर निरनिराळे असतात, आणि दुकानाचा दर सामान्यतः राहत्या जागेहून चढा असतो. यावरून पुढची खोली दुकानास दिली कीं घराचें मोल वाढलें, असा सहज समज होतो. पण उपयोग बदलणें व उपयोग बदलण्याची परवानगी असणें या दोन गोष्टी आहेत. पट्ट्याच्या करारांत जागा कशासाठीं दिली हें लिहिलेलें असतें. मंजूर नकाशांत किती चटईक्षेत्र हें लिहिलेलें असतें. मंजुरीवांचून चढविलेला मजला भाडें देतो, पण बँकेचा मूल्यमापक तो मोजून बाजूस ठेवतो व मंजूर तेवढेंच धरतो. महानगरपालिकेची दृष्टि पुन्हा वेगळी. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाप्रमाणें, वर्षाकाठीं जें भाडें येण्याजोगें असेल त्यांतून दुरुस्तीपोटीं दहा टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढतात. त्यामुळें खोली वाढली, दुकान झालें, कीं कर वाढतो. बांधकाम बेकायदा ठरलें तर कराखेरीज शास्तीची तरतूद आहे, आणि ती भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाहीं. एकच खोली एका कचेरींत शून्य, दुसरींत मिळकत व तिसरींत अपराध अशी तीन रूपें घेते.

पट्ट्याची मुदत ही आणखी एक अदृश्य गोष्ट. १९५७ च्या संपत्तिकर कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचींत घराचें मोल काढण्याची एक रीत होती : निव्वळ वार्षिक भाड्यास, जमीन मालकीची असल्यास साडेबारांनीं, पट्ट्याचीं पन्नास किंवा अधिक वर्षें उरलीं असल्यास दहांनीं, व त्याहून कमी उरलीं असल्यास आठांनीं गुणावयाचें. तो कर २०१५ च्या अंदाजपत्रकानें रद्द झाला, पण त्या तीन आंकड्यांतील शहाणपण रद्द झालें नाहीं. तीच भिंत, तेंच छप्पर, तेंच भाडें. तरी साठ वर्षांच्या पट्ट्यावरील घर अकराव्या वर्षीं दहांच्या पायरीवरून आठांच्या पायरीवर उतरतें. घरांत कोणतीही सुधारणा न करितां मोल चढतें तसें कोणताही बिघाड न होतां तें उतरतेंही.

या सर्व हिशेबांत एक वस्तु मात्र कोणत्याच वहींत सांपडत नाहीं : तें सात घरांमधलें आठ मीटरचें अंगण. तें कोणाच्या एकाच्या मालकीचें नाहीं, म्हणून त्याचें मोल कोणाच्या खातीं मांडलें जात नाहीं. परंतु प्रत्येक घरास मिळणारा उजेड, वारा, मुलांचें खेळणें, संध्याकाळचें बसणें हें त्याच्याच जिवावर चालतें. भोंवतीं बैठीं घरें होतीं तोंवर त्या अंगणांत आकाश उतरत होतें. तिमजली घरें उठलीं म्हणजे तें अंगण विहिरीसारखें होतें. पहिला मालक मजला चढवितो तेव्हां त्यास लाभ होतो, कारण बाकीचीं सहा घरें बैठीं आहेत. सातही घरें चढलीं म्हणजे प्रत्येकाच्या कागदावर मोल वाढलेलें दिसतें, आणि ज्या गोष्टीसाठीं तेथें राहावेंसें वाटे ती गोष्ट नाहींशी झालेली असते. शेतकऱ्याच्या बाबतींत ठिकाणाचें मोल त्याच्या हातून गेलें. येथें ठिकाणाचें मोल मालकांनींच एकमेकांच्या हातून काढून घेतलें.

मग गृहस्थानें घर वाढवूं नये काय? असें सांगणें म्हणजे वाढत्या मुलास अंगरखा शिवूं नये असें सांगण्यासारखें आहे. कोरिया यांची मूळ दृष्टि, कीं घर हें कुटुंबाबरोबर वाढलें पाहिजे, आम्हांस आजही योग्य वाटते. उणीव इतकीच राहिली कीं, एकट्या घरास वाढण्याची मुभा देतांना सातांच्या अंगणास राखणारा नियम सातांच्या हातीं दिला गेला नाहीं. किती उंच चढावें, कोणत्या बाजूस मोकळें ठेवावें, कोणता धंदा शेजाराला सोसेल, हें त्या सात कुटुंबांनीं मिळून ठरविण्याची व तें नोंदविण्याची सोय असती, तर मंजुरीही सोपी झाली असती आणि मूल्यमापकासही त्या अंगणाची दखल घ्यावी लागली असती.

१८६५ च्या कायद्यानें हातानें वाढविलेलें आणि ठिकाणानें वाढलेलें यांत जी रेघ ओढली होती, ती आज घरांच्या मोलमापनांत पुसट झाली आहे. कर दोहोंवर बसतो, अभिमान दोहोंचा वाटतो, आणि भांडण झालें म्हणजे कोणतें कोणाचें हें कोणास सांगतां येत नाहीं. आपल्या वाचकांपैकीं जे उद्यां वांटणीस किंवा विक्रीस बसतील, त्यांनीं तरी ही रेघ आपल्या वहींत ओढून पाहावी. घरावर केलेल्या खर्चाच्या पावत्या, मंजूर नकाशे, पट्ट्याचीं उरलेलीं वर्षें एका पानावर. जमिनीच्या चढलेल्या भावाचा आंकडा दुसऱ्या पानावर. ज्या भावानें आईबापांच्या घरांत राहून छप्पर बदललें त्याचें पहिल्या पानावर निघतें. दुसऱ्या पानावरचें मात्र त्या घरांतील सर्वांचें, आणि थोडेसें त्या जुन्या भातशेताच्या मालकाचेंही होतें. बेलापूरला २०२३ मध्यें मेट्रो सुरू झाली, २०२५ च्या ऑक्टोबरांत जवळच विमानतळाचें उद्घाटन झालें. म्हणजे दुसऱ्या पानावरचा आंकडा अजून चढावयाचा आहे. तो चढतांना त्या अंगणांत किती आकाश शिल्लक राहतें, हें त्या सात घरांनींच पाहावयाचें आहे.